बॅटरी मॉड्यूलचं पेटंट आणि त्याचं परीक्षण: खान्देशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पेटंट एजंट आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून येणाऱ्या फोनमध्ये पूर्वी ठिबकचे भाग, पाइपचे जोड, डाळ मिलची यंत्रं असायची. आता बॅटरी असते. कोणी ई-रिक्षाचे पॅक जोडतो, कोणी फवारणी पंपाचे, कोणी सोलर दिव्यांचे. जोडता जोडता एखाद्याला खरंच काही नवं सुचलेलं असतं, आणि मग विचारणा होते, "भाऊ, हाई पास व्हई का?" त्या एका प्रश्नाच्या पोटात बरेच प्रश्न दडलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. मालवाहू ई-रिक्षाचं मॉड्यूल, म्हणजे अनेक सेल जोडून केलेला संच. ३२७०० मापाचे, म्हणजे ३२ मिमी व्यासाचे आणि ७० मिमी उंचीचे लोह-फॉस्फेट सेल. आठ सेल समांतर, असे १६ गट सिरीजमध्ये, एकूण ५१.२ व्होल्ट. जिनिंगमधली रुई आणि काळ्या मातीची धूळ आत शिरू नये म्हणून डबा पूर्ण बंद, पंखा नाही. सेलच्या ओळींमधून ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, त्यांची टोकं डब्याच्या भिंतीला टेकलेली. पट्टी मध्यावर जाड, कडेला पातळ. सेल होल्डरला बाजूने खिडक्या, त्याही मध्यावर रुंद आणि कडेला अरुंद, म्हणजे पट्टी थर्मल पॅडमधून, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ थरातून, सेलच्या अंगाला टेकते. हे मॉड्यूल कुणाचंही नाही, मी समजावण्यापुरतं रचलं आहे.

मॉड्यूलचं 'डिझाइन' केलं आहे, मग डिझाइनची नोंदणी करायची की पेटंट घ्यायचं?

इथे बऱ्याच जणांची पहिली गफलत होते. डिझाइन कायदा २००० फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो: आकार, नक्षी, रंगसंगती. एखादी रचना काम कसं करते, हा त्या कायद्याचा विषयच नाही. डब्याचा बाहेरचा आकार देखणा आणि वेगळा असेल तर त्याची डिझाइन नोंदणी करा. ती आधी १० वर्षं टिकते, पुढे आणखी ५ वर्षं वाढवता येते. पण उष्णता मधल्या सेलपासून भिंतीपर्यंत कशी न्यायची, हे तुम्ही सोडवलं असेल तर ते पेटंटचं काम. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. एकाच वस्तूला दोन्ही घेता येतं.

अर्ज केला की परीक्षण आपोआप सुरू होतं का?

नाही. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते, फॉर्म १८ भरून. १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांना ही मागणी प्राधान्य तारखेपासून (म्हणजे त्या शोधाच्या सर्वांत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. आधी ही मुदत ४८ महिने होती आणि तोच जुना आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. त्या भरवशावर राहू नका. मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असं समजलं जातं.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तोवर थांबायचं नसेल तर फॉर्म ९ भरून लवकर प्रसिद्ध करून घेता येतो. प्रसिद्धी आणि परीक्षणाची मागणी, दोन्ही झाल्यावरच फाइल परीक्षकाकडे जाते.

तात्पुरता अर्ज केला असेल तर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. तात्पुरत्या अर्जाचं परीक्षण होत नाही. पण त्यात जे लिहिलं तेवढ्यालाच ती जुनी तारीख मिळते, म्हणून 'नंतर सविस्तर लिहू' म्हणत दोन परिच्छेदांत उरकू नका.

परीक्षक मॉड्यूल पाहायला मागतो का? त्याला पॅक नेऊन दाखवला तर?

तो कागद पाहतो. तुमचा पॅक रावेरहून केळी भरून रोज जळगावला येत असेल, वर्षभरात एकही सेल फुगला नसेल, तरी त्यातलं कागदावर काही नसेल तर परीक्षकाच्या लेखी ते घडलेलंच नाही.

तो काय तपासतो? एक, नावीन्य: तुमच्या दाव्यातली (दावा म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितला तो मजकूर) प्रत्येक गोष्ट आधीच्या एखाद्याच कागदात जशीच्या तशी सापडते का? जगातला कोणताही कागद चालतो, चिनी किंवा कोरियन भाषेतलाही. दोन, कल्पकतेची पायरी. कायद्याच्या शब्दांत सांगायचं तर आजवरच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवं, आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचणारी नसावी. तीन, उद्योगात वापरता येते का. बॅटरीच्या बाबतीत यावर क्वचितच अडतं. चार, पेटंट कायद्याच्या कलम ३ मधल्या वर्ज्य गोष्टींत ती मोडते का. शिवाय दावे स्पष्ट आहेत का आणि वर्णन वाचून दुसरा जाणकार ती वस्तू बनवू शकेल का, हेही पाहिलं जातं.

बॅटरी मॉड्यूलचे बहुतेक अर्ज अडकतात ते दुसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यावर.

सेल बाजारातले, होल्डर बाजारातला, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) बाजारातला. मग पेटंट कशाचं मिळणार?

सर्वांत मोलाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश उत्तर देतो.

कलम ३ (एफ) म्हणतं की माहीत असलेली साधनं नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापलं काम पूर्वीसारखंच स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध नाही. सेल, होल्डर, पट्टी, बीएमएस एका डब्यात बसवले, एवढंच तुमच्या दाव्यात असेल तर हा आक्षेप येणारच आणि तो योग्यही असेल. सेल जास्त जोडणं हेही नवं नाही. टेस्लाच्या पहिल्या रोडस्टरमध्ये २००८ सालीच ६,८३१ छोटे सेल होते. मॉड्यूलची पायरीच काढून सेल थेट पॅकमध्ये बसवायची कल्पनाही बीवायडीच्या ब्लेड बॅटरीमुळे २०२० पासून सर्वांसमोर आहे.

तरीही दार बंद होत नाही. कायद्यातला 'स्वतंत्रपणे' हा शब्द पकडा. तुमचे भाग एकमेकांवर अवलंबून काम करतात, हे दाखवता आलं पाहिजे. आपल्या उदाहरणात नुसती पट्टी मध्यावर जाड केली आणि होल्डरच्या खिडक्या सगळीकडे सारख्या ठेवल्या, तर मधल्या सेलची उष्णता त्या जाड भागात पुरेशी उतरत नाही. नुसत्या खिडक्या मोठ्या केल्या आणि पट्टी पातळच ठेवली, तर उष्णता पट्टीत येते पण भिंतीपर्यंत पोचता पोचता अडते. दोन्ही बदल मिळून मधला आणि कोपऱ्यातला सेल यांच्या तापमानातला फरक कमी होतो. असं खरोखर घडत असेल आणि तुम्ही ते मोजलं असेल, तर ही नुसती मांडणी राहत नाही.

तापमानातला हा फरक महत्त्वाचा का, हेही वर्णनात लिहा. मधला सेल चारी बाजूंनी गरम सेलनी वेढलेला असतो, तो जास्त तापतो, लवकर म्हातारा होतो. गट सिरीजमध्ये असल्यामुळे एक गट कमजोर झाला की पूर्ण मॉड्यूल त्याच्या हिशोबाने चालतं. जोडणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं, म्हणून लिहायचं राहून जातं. अर्जात समस्या लिहिली नाही तर तुमचं उत्तर कशावरचं, हे परीक्षकाला कळणार कसं?

सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल आपल्या वर्कशॉपवाल्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. वाद होता भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचा. न्यायालयाने म्हटलं, निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा पेटंटला पुरत नाही, आधीच्या ज्ञानापेक्षा त्यात काही अधिक हवं. कुशल कारागीर रोजच्या कामात सहज करेल तो बदल त्या बाजूला पडतो. स्क्रू चारचे सहा केले, पत्रा १ मिमीचा दीड केला, हे त्यात धरा.

आधीचे कागद कुठे शोधायचे?

भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचं इनपास. जगभरातल्यांसाठी गुगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप. सगळं फुकट आहे. शब्दांनी शोधलं तर हजारो निकाल येतात, म्हणून वर्गीकरण क्रमांकाने शोधा. मॉड्यूल आणि पॅकचे डबे एच०१एम ५०/२० मध्ये. गोल सेल थंड ठेवण्याच्या रचना एच०१एम १०/६४३ मध्ये. सेलच्या मधल्या पट्ट्या आणि प्लेटा एच०१एम १०/६५५५ मध्ये. जुन्या कागदांवर एच०१एम २/१० असा क्रमांक दिसेल. तो भाग २०२१ मध्ये ५० च्या घरात हलवला, त्यामुळे दोन्ही पाहा.

दोन संध्याकाळी मन लावून शोधलंत तर परीक्षक कोणते कागद पुढे ठेवणार याचा बराच अंदाज येतो. अर्ज करण्याआधीच हे करा. एखादा कागद अगदी जवळ आला तर वाईट वाटतं, मी ते चेहरे पाहिले आहेत. पण तोच कागद अर्जाच्या वर्णनात घेऊन 'यात पट्टी एकसारखी जाड आहे, म्हणून मधला सेल तापतो' असं लिहिता येतं, आणि अर्ज आणखी मजबूत होतो.

मी आधीच यूट्यूबवर व्हिडिओ टाकला आहे. प्रदर्शनातही मांडलं होतं. काही बिघडलं का?

व्हिडिओत आतली रचना दिसत असेल तर बहुधा बिघडलं. तुमचा स्वतःचा व्हिडिओसुद्धा तुमच्याविरुद्ध आधीचा कागद ठरतो. प्रदर्शनासाठी कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना. गावातल्या कृषी प्रदर्शनाला किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतल्या स्टॉलला ती लागू होईल असं समजू नका.

रस्त्यावर चाचणी घ्यावीच लागते, हे कायद्यालाही मान्य आहे. शोधाचं स्वरूपच असं असेल की लोकांसमोर वापरल्याशिवाय तो तपासता येत नाही, तर अर्जाआधीच्या एका वर्षातल्या वाजवी चाचणीने नावीन्य जात नाही, असं कलम ३२ सांगतं. पण ओळखीच्या रिक्षावाल्या दादांना पॅक देताना कागदावर लिहून घ्या की हा चाचणीसाठी दिला आहे आणि उघडून कोणाला दाखवायचा नाही. विक्रीची पावती फाडली की तो चाचणीचा पॅक उरत नाही.

चाचणीचे आकडे किती लागतात? आमच्याकडे लॅब नाही.

उत्तम लॅब असेल तर छानच. पण आपल्याकडे मे महिना आहे. भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि अनेक लोह-फॉस्फेट सेलच्या डेटाशीटवर चार्जिंगची वरची मर्यादाच ४५ अंश लिहिलेली असते. म्हणजे भर दुपारी, काही न करता, सेल मर्यादेवर उभा असतो. इतकी अवघड परीक्षा आपल्या शेडमध्ये आयती मिळते. ती वाया घालवू नका.

पद्धत मात्र चोख हवी. दोन मॉड्यूल बनवा. एक तुमचं, दुसऱ्यात पट्टी सगळीकडे सारखी जाड आणि खिडक्याही सारख्या. दोन्हींत ॲल्युमिनियमचं एकूण वजन सारखं ठेवा. हे विसरलात तर परीक्षक म्हणेल, धातू जास्त घातला म्हणून थंड राहिलं, त्यात कल्पकता कसली. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायच्या तारा, मधल्या सेलवर, कोपऱ्यातल्या सेलवर, भिंतीवर आणि बाहेर सावलीत लावा. सारखाच करंट, सारखाच वेळ. तारीख, वेळ, करंट, सगळी तापमानं वहीत लिहा आणि जमलं तर लॉगरवर नोंदवा. एकदाच नाही, तीन-चारदा. चाचणी उघड्या जागी घ्या, माणसं दूर ठेवा आणि वाळूच्या बादल्या जवळ ठेवा.

फरक दोनच अंशांचा आला तरी तोच लिहा. आकडा फुगवू नका.

पहिला परीक्षण अहवाल आला आणि त्यात डझनभर आक्षेप आहेत. अर्ज गेला का?

नाही गेला. परीक्षणात आक्षेप येणं हीच नेहमीची रीत आहे. अहवाल शांतपणे वाचा. त्यात डी१, डी२, डी३ अशा नावांनी आधीचे कागद दिलेले असतात. प्रत्येक कागद डाउनलोड करा आणि आकृतीसकट वाचा, नुसता सारांश नको.

मग एक तक्ता करा. डावीकडे तुमच्या पहिल्या दाव्यातला एकेक घटक: बंद डबा, गोल सेल, खिडक्यांचा होल्डर, बदलत्या रुंदीच्या खिडक्या, बदलत्या जाडीची पट्टी, भिंतीला टेकलेली टोकं. उजवीकडे डी१ मध्ये तो कुठे आहे, परिच्छेद आणि आकृतीच्या क्रमांकासह. रिकामी राहिलेली चौकट म्हणजे तुमचा फरक. समजा, डी१ मध्ये सारख्या जाडीची पट्टी आहे आणि डी२ मध्ये जाडी बदलणारी प्लेट आहे, पण ती चपट्या पाउच सेलच्या खालची आहे. परीक्षक म्हणेल, दोन्ही एकत्र केले की तुमचं मॉड्यूल तयार. उत्तरात हे सांगायचं की डी२ ची प्लेट तळाला आहे, तिथे होल्डरच्या खिडक्यांचा प्रश्नच येत नाही, आणि डी१ वाचणाऱ्याला खिडकीची रुंदी बदलावी असं सुचवणारं एक वाक्यही दोन्हींत नाही. त्याच्या पाठीला तुमचे तुलनेचे आकडे.

'आमची रचना अभिनव व उपयुक्त आहे' अशी वाक्यं उत्तरात लिहून पानं भरू नका. त्यांनी परीक्षकाच्या हाती काही लागत नाही.

उत्तराची मुदत अहवालाच्या तारखेपासून सहा महिने. ती संपण्यापूर्वी फॉर्म ४ आणि फी भरून आणखी तीन महिने मिळतात. मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. अहवाल ईमेलवर येतो, म्हणून अर्जात दिलेला ईमेल रोज उघडणाऱ्या माणसाचा असू द्या. परदेशातल्या अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३ सुद्धा अहवालानंतर तीन महिन्यांत पुन्हा द्यायचा असतो.

उत्तर देताना नवी सुधारणा अर्जात घालता येईल का?

नाही. कलम ५९ प्रमाणे दावा आक्रसता येतो, चूक दुरुस्त करता येते, खुलासा करता येतो. मूळ वर्णनात नसलेलं काही आत आणता येत नाही.

यात मी स्वतः पोळलो आहे. सुरुवातीच्या काळात एका अशिलाच्या अर्जात आम्ही पट्टीचा आकार तपशीलवार लिहिला, पण ती सेलला कोणत्या पॅडमधून टेकते आणि त्या पॅडची जाडी किती, हे लिहिलं नाही. आम्हाला ते किरकोळ वाटलं होतं. अहवालात आलेला जुना कागद इतका जवळचा निघाला की उरलेला एकमेव फरक त्या पॅडमध्येच होता, आणि आमच्या कागदावर पॅड नव्हता. तो अर्ज वाचला नाही. त्या माणसाची दोन वर्षांची मेहनत होती. तेव्हापासून पहिल्या बैठकीतच मी मॉड्यूल टेबलावर उघडायला लावतो आणि स्क्रूपासून गोंदापर्यंत सगळं लिहून घेतो: माप, पदार्थ, क्रम, पर्याय. पॅड अर्ध्या मिमीचा वापरला असेल तर 'अर्धा ते दीड मिमी' हेही लिहायचं, जर त्या मर्यादेत काम होतं हे तुम्हाला ठाऊक असेल तर.

मॉड्यूल, बीएमएसची पद्धत आणि चार्जर एकाच अर्जात चालतील का?

एकाच कल्पनेत गुंफलेले असतील तर चालतील. नसतील तर एकवाक्यतेचा, म्हणजे 'एका अर्जात एकच शोध हवा' असा आक्षेप येतो आणि उरलेल्या शोधासाठी विभागणी अर्ज करावा लागतो. त्याला मूळ तारीखच मिळते, पण फी वेगळी.

अर्ज मराठीत करता येतो का?

नाही, फक्त हिंदी किंवा इंग्रजीत. पण विचार आणि टिपणं मराठीत करा, अहिराणीत करा, मनात जशी रचना आहे तशी आधी उतरवा. इंग्रजीचा मसुदा नंतर होतो.

मुंबईला किती खेपा पडतात?

महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, पण सगळं ऑनलाइन आहे. आक्षेपांवरच्या उत्तराने समाधान झालं नाही तर पेटंट कार्यालयाचे नियंत्रक सुनावणी ठेवतात, आणि ती व्हिडिओवर होते. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. सुनावणीला शोध लावणारा माणूस एजंटच्या शेजारी बसलेला असावा असं माझं मत आहे. पट्टी मध्यावर का जाड केली, हे ज्याने केली त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

सरकारी फी किती?

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, परीक्षणाच्या मागणीची ४,००० आणि लवकर प्रसिद्धीची २,५००. ३० पानांच्या पुढे प्रत्येक पानाला १६० आणि १० दाव्यांच्या पुढे प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. मोठ्या कंपन्यांना हेच पाचपट. पेटंट मिळाल्यावर नूतनीकरण फी भरावी लागते, ती अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनची. एजंटची फी वेगळी, पण मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी केंद्राची योजना आहे, त्यात एजंटचं मानधन सरकार देतं. एजंट नेमण्याची सक्ती नाही.

परीक्षण लवकर करून घेता येतं का?

फॉर्म १८ए भरून येतं. स्टार्टअप, लघुउद्योग, किंवा सगळे अर्जदार व्यक्ती असून त्यांत किमान एक महिला असेल तर. फी ८,००० रुपये. घरातल्या ताईचं किंवा वहिनीचं नाव नुसतं घाईसाठी घालू नका. अर्जदार म्हणजे हक्काचा मालक, पुढे परवाना द्यायला तिचीही सही लागेल. ती खरंच भागीदार असेल तर मात्र नाव घाला, आणि ते आधीच घालायला हवं होतं.

एआयएस-१५६ ची चाचणी पास झाली आहे. पेटंट सोपं जाईल का?

दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. एआयएस-१५६ विजेवर चालणाऱ्या दुचाकी-तिचाकी वर्गातल्या बॅटरीची सुरक्षितता तपासतं. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्यानंतर ते अधिक कडक केलं गेलं. पेटंट म्हणजे दुसऱ्याला थांबवण्याचा हक्क, विक्रीचा परवाना नव्हे.

पॉलिटेक्निकच्या मुलांनी प्रोजेक्टमध्ये केलेलं मॉड्यूल असेल तर?

आधी अर्ज, मग प्रोजेक्ट प्रदर्शन, मग पेपर. या क्रमात चूक झाली की मुलांचं काम त्यांच्याच पोस्टरमुळे अडतं. शोधकर्ता म्हणून त्या मुलांचीच नावं हवीत. मार्गदर्शकांनी रचनेत खरोखर भर घातली असेल तर त्यांचंही नाव यावं, फक्त पदावर आहेत म्हणून येऊ नये.

दुसरा कारखानदार विरोध करू शकतो का?

अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो. मिळाल्याची प्रसिद्धी झाल्यावर एक वर्षापर्यंत हितसंबंध असलेला माणूसही करू शकतो. शेजारच्या शेडमध्ये तसाच पॅक तुमच्या अर्जाच्या आधीपासून विकला जात होता, हे त्याने सिद्ध केलं तर ते तुम्हाला भारी पडेल.

अर्ज नाकारला गेला तर?

तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. २०२१ पर्यंत त्यासाठी वेगळं अपील मंडळ होतं, ते बंद झालं. अपील करण्याआधी नाकारण्याचा आदेश त्या तक्त्याशेजारी ठेवून वाचा. रिकाम्या चौकटीचा विचारच झालेला नसेल तर अपिलात जीव आहे. विचार होऊनही ती अपुरी ठरली असेल, तर पैसे पुढच्या मॉड्यूलवर घाला आणि या वेळी मेमध्ये थर्मोकपल लावून, वही भरूनच माझ्याकडे या.